कंटेनर भरण्याआधी मुलांची मापं मागवा

प्रश्न थोडक्यात असा: एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाला पूर्व आफ्रिकेतल्या एका मिशन शाळेतल्या आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या अपंग मुलांना व्हीलचेअर द्यायच्या आहेत. वापरलेल्या दोनशे खुर्च्या जमवायच्या, दुरुस्त करायच्या, कंटेनरने पाठवायच्या, मागोमाग बारा स्वयंसेवकांनी दहा दिवस जाऊन त्या वाटायच्या आणि जमेल तिथे शुभवर्तमान सांगायचं, अशी योजना आहे. ‘यात आमचं काय राहून जातंय?’ असं त्यांनी विचारलं आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. खुर्च्या किती, माणसं किती, दिवस किती, कंटेनर केवढा, सगळं त्यात आहे. मुलं किती वर्षांची आहेत, त्यांना काय झालंय, त्यांना बसता तरी येतं का, याबद्दल एक ओळ नाही. राहून जातंय ते हेच. टोचून बोलायचं म्हणून लिहीत नाही. माझ्या पहिल्या दौऱ्यात आमच्या कागदावरही हे नव्हतं आणि त्याचा भुर्दंड मुलांना बसला.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गेली एकोणीस वर्षं मुलांच्या बैठकीचं काम करते, म्हणजे ज्या मुलाला आपलं आपण बसता येत नाही त्याला नीट बसतं करायचं. यातले बरेच दौरे चर्चच्या पथकांबरोबर झाले, म्हणून तुमच्या योजनेतला उत्साहही ओळखीचा आहे आणि खड्डेही.

लोकांच्या डोळ्यांसमोर व्हीलचेअरवरचा माणूस येतो तो असा: पाय गेलेत, पण धड खणखणीत आहे, हात चालतात. अशा माणसाला बऱ्यापैकी मापाची कुठलीही खुर्ची दिली तरी तो कसाबसा निभावून नेतो. अशा शिबिरांना येणारी मुलं बहुतांशी वेगळी असतात. सगळ्यात जास्त असतात सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने अंगावर ताबा नसलेली. त्यांचा प्रश्न चालण्याच्या आधीचा असतो. मान तोलत नाही, पाठ वाकडी होते, अंग एकदम ताठ होतं नाहीतर पिठाच्या गोळ्यासारखं ढिलं पडतं. त्याखालोखाल स्पायना बिफिडाची, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेली मुलं. यांच्या हातांत ताकद असते, डोकं तल्लख असतं, पण कमरेखाली संवेदना नसते. मग मस्क्युलर डिस्ट्रॉफीची, म्हणजे स्नायू झिजत जाण्याच्या आजाराची, जी कालपरवापर्यंत चालत होती आणि दर वर्षी थोडी थोडी खचत जातात. या तिघांना एकच खुर्ची चालत नाही. एका मुलाला जी खुर्ची पंख देते तीच दुसऱ्याला सहा महिन्यांत जखमी करते.

एक उदाहरण जवळून दाखवते. सात वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी. आईने पाठीवर कापडात बांधून तीन तास चालत आणलेली. नितंबांची रुंदी २४ सेंटिमीटर भरली. त्या दिवशी आमच्याकडे तिच्यासाठी शिल्लक असलेली सगळ्यात लहान खुर्ची १६ इंची होती, म्हणजे ४० सेंटिमीटर. आमच्यातल्या एका उत्साही स्वयंसेवकाने मी पोचायच्या आत तिला त्यात बसवून पट्टाही बांधला होता. मी आले तेव्हा ती बसलेली नव्हतीच, घसरगुंडीवर अडकल्यासारखी तिरकी लटकत होती. कंबर पुढे घसरलेली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, डोकं मागे फेकलेलं आणि पट्टा पोटावरून सरकत छातीपर्यंत वर आलेला. अजून चार बोटं वर गेला असता तर गळ्याला लागला असता. आई मात्र हसत होती, कारण पाहुण्यांनी दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं?

तिला उतरवून आम्ही चटईवर घेतलं. अशा वेळी सुरुवात नेहमी कंबरेपासून करायची. डोकं पडतंय म्हणून डोक्याला आधार देत बसलात तर दिवस जाईल आणि डोकं पडतच राहील. घराचा पाया सरकला असताना छपराला टेकू लावण्यातला तो प्रकार आहे. मी तिच्या मागे बसले, दोन्ही हातांनी कंबरेची हाडं धरली, सहकाऱ्याने गुडघे दुमडून धरले. खुबे काटकोनापेक्षा जरा जास्त वाकवले आणि पाय किंचित फाकवले, तसं तिचं ताठरलेलं अंग हाताखाली सैल पडत गेलं. हे सैल पडणं हाताला कळतं, वाचून समजत नाही. कुठे किती आधार दिला की ती सैल पडते हे हातांनी शोधायचं आणि मग त्या हातांच्या जागी फोम आणि प्लायवूड बसवायचं. आमच्या कामाचं सगळं गुपित एवढंच.

तिच्यासाठी कडक फोम कापून पुढून उंच आणि मागे खोलगट अशी गादी केली, म्हणजे बसायची हाडं खळग्यात बसतात आणि पुढे घसरत नाहीत. दोन्ही बाजूंची रिकामी जागा फोमचे ठोकळे लावून भरली. गुडघ्यांमध्ये एक गोलसर गुंडा ठेवला. पट्टा पोटावरून काढून जांघेच्या घडीवर, खाली आणि मागे खेचणारा असा तिरका घेतला. फूटरेस्ट पोचतच नव्हते, म्हणून प्लायवूडची फळी वर आणली. पाठीचा कोन जरा मागे. समोर हात टेकायला ट्रे. या सगळ्याला अडीच तास लागले, त्यात दोनदा सगळं सोडून पुन्हा केलं. शेवटी आईने तिला पाणी पाजलं आणि ते न ठसकता गेलं. मान मागे पडलेल्या मुलाच्या घशात घास आणि पाणी श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका असतो, अशी मुलं वारंवार छातीच्या संसर्गाने आजारी पडतात, कधी त्यातच दगावतात. म्हणून तो पेला माझ्या लेखी चाकांइतकाच महत्त्वाचा होता. मुलगी मात्र पाण्याकडे बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. पाठीवर बांधलेल्या मुलाला दिवसभर आईची मानच दिसते, हे तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आता तुमचा हिशोब मांडू. बारा माणसांत प्रशिक्षित किती, ते तुम्ही लिहिलं नाही; दोन धरते. दोन थेरपिस्ट, प्रत्येकीला एक हुशार मदतनीस, म्हणजे दोन जोड्या. एका जोडीकडून दिवसाला अशी चार मुलं नीट होतात, फार तर पाच. दहा दिवसांतले प्रवासाचे, सामान उतरवण्याचे आणि रविवारच्या उपासनेचे वजा केले की कामाचे सहा उरतात. झाली अठ्ठेचाळीस मुलं. उरलेल्या दीडशे खुर्च्या मग कशा वाटल्या जातात ते मी पाहिलंय: शेवटच्या दोन दिवसांत, रांग लावून, नजरेच्या अंदाजाने.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कमी साधनांच्या ठिकाणी हाताने चालवायच्या खुर्च्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात आठ पायऱ्या आहेत: मूल शोधून नोंदवणं, तपासणी, कोणती खुर्ची ते ठरवणं, पैसे आणि मागणी, खुर्ची तयार करणं, मुलाला बसवून जुळवणं, मुलाला आणि घरच्यांना शिकवणं, आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व पुन्हा भेट. तुमच्या योजनेत यांतली चौथी आणि अर्धीमुर्धी पाचवी आहे. २०१२ साली त्याच संघटनेने याचं मूलभूत प्रशिक्षण तयार केलं, साधारण ३५ ते ४० तासांचं. पुढच्या वर्षी शरीराला जादा आधार लागणाऱ्यांसाठी त्याच्या पुढची पातळी आली. हे साहित्य मोफत मिळतं. बारापैकी निदान चौघांनी मूलभूत पातळी जाण्याआधी पुरी करावी आणि तिथल्या दोन स्थानिक माणसांनीही करावी. तुमचे चौघे परत येणार आहेत, ते दोघे तिथेच राहणार आहेत. पैसे कमी पडले तर आधी त्या दोघांचं करा.

जुन्या खुर्च्या नेऊच नका असं मी म्हणत नाही. जॉनी एरिक्सन टाडा यांच्या ‘जॉनी अँड फ्रेंड्स’ संस्थेचं ‘व्हील्स फॉर द वर्ल्ड’ हे काम १९९४ पासून जुन्या खुर्च्यांवरच उभं आहे. जॉनी १९६७ साली, सतरा वर्षांच्या असताना, चेसापीक उपसागरात सूर मारताना मान मोडून हातापायांनी लुळ्या झाल्या. १९७९ मध्ये त्यांनी संस्था काढली. अमेरिकेत जमवलेल्या खुर्च्या तिथल्या तुरुंगांमधले कैदी दुरुस्त करतात, आणि मग थेरपिस्ट व मेकॅनिकांची पथकं परदेशात जाऊन एकेका माणसाला खुर्ची जुळवून देतात, सोबत बायबल देतात. तुमच्या डोक्यात बहुधा हेच चित्र आहे. फक्त त्यातला जो भाग फोटोत येत नाही, म्हणजे जुळवून देणं, तो तुमच्या आराखड्यात उतरलेला नाही.

याच्या अगदी उलट्या टोकाला डॉन शोएंडोर्फर. हे यांत्रिकी अभियंते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोरोक्कोत एक बाई रस्ता ओलांडताना हातांनी स्वतःला फरपटत नेताना त्यांनी पाहिली आणि ते चित्र मनातून गेलं नाही. पुढे त्यांनी बागेत ठेवतात ती पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, तिला माउंटन बाइकची चाकं लावली आणि २००१ साली ‘फ्री व्हीलचेअर मिशन’ सुरू केलं. स्वस्त, दणकट, सुटे भाग करून दाटीवाटीने कंटेनरमध्ये मावणारी. आजवर दहा लाखांहून जास्त खुर्च्या गेल्या. आमच्या क्षेत्रात त्या पांढऱ्या खुर्चीवर पुष्कळ टीका झाली: सगळ्यांना एकच माप, शरीराला आधार नाही. टीका रास्त होती. पण जमिनीवर सरपटणाऱ्या प्रौढ माणसाला ती देवासारखी भेटली हेही खरं, आणि नंतर त्यांनी वेगवेगळ्या मापांच्या, जुळवता येणाऱ्या, घडीच्या खुर्च्याही आणल्या. टीका ऐकून वस्तू बदलणारी संस्था मला आवडते. लहान मुलांसाठी मात्र ती मूळची पांढरी खुर्ची मी कधीच निवडली नसती.

मला सर्वांत पटतो तो तिसरा मार्ग, खुर्ची तिथेच बनवण्याचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली ‘होप हेवन’ ही ख्रिस्ती संस्था ग्वाटेमालात मुलांच्या खुर्च्या बनवते आणि बनवणाऱ्यांत स्वतः अपंग असलेले कामगार आहेत. स्क्रू सैल झाला तर तो कुठे मिळेल हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. तुम्ही पूर्व आफ्रिकेत जाताय, तर केनियातलं काम पाहाच. तिथे किजाबेच्या मिशन रुग्णालयात स्पायना बिफिडाच्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात, थिका इथे जॉयटाउन ही अपंग मुलांची निवासी शाळा आहे. टेक्सासमधल्या लेटूर्नो या ख्रिस्ती विद्यापीठाचे शिक्षक आणि विद्यार्थी तिथल्या मुलांच्या मदतीने कोणती खुर्ची खडबडीत जागी कशी चालते, कुठे अडते, याची मोजणी करत आले आहेत. म्हणजे मत मुलांचं घेतलं. ही साधी गोष्ट फार थोडे करतात.

जुन्याच खुर्च्या न्यायच्या असतील तर दोनशे नगांत चाळीस प्रकार नकोत. चार प्रकार ठेवा. चाळीस प्रकार म्हणजे चाळीस तऱ्हेची पुढची चाकं आणि तितक्याच मापांची बेअरिंग, आणि एक गेलं की खुर्ची कोंबड्यांना बसायला. मागच्या चाकाला सायकलचा टायर आणि ट्यूब बसते का, आरे तुटले तर गावातला सायकलवाला बसवू शकतो का, हे पहिल्यांदा बघा. दवाखान्यात दिसते ती चकचकीत घडीची खुर्ची गुळगुळीत फरशीसाठी असते. तिची पुढची चाकं तळहाताएवढी असतात, मऊ मातीत किंवा वाळूत रुतली की मूल तोंडावर पडतं. बाहेर फिरणाऱ्या मोठ्या मुलांसाठी लांब बांध्याची, पुढे एकच मोठं चाक असलेली तीनचाकी खुर्ची खूप बरी. पण ती घरात वळत नाही. म्हणून शाळेच्या आणि घराच्या दाराची रुंदी, शौचालयापर्यंतची वाट, उंबरा, हे सगळं कोणीतरी आधी जाऊन बघायला हवं. मुलाची खुर्ची संडासापर्यंत जात नसेल तर मुलगी वयात आली की शाळा सोडते. मी हे एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय.

आमचा एक कंटेनर बंदरात सात आठवडे अडकला होता. ज्या संस्थेला करमाफी होती तिच्या नावाऐवजी कागदांवर भलतंच नाव पडलं होतं. पथक येऊन, गाणी म्हणून, परत गेलं तेव्हा खुर्च्या पत्र्याच्या पेटीत गंजत होत्या आणि रोजचं भाडं चढत होतं. त्यातून तो सुटल्यावर कळलं की जागा वाचवायला सगळे फूटरेस्ट काढून एका खोक्यात कोंबले होते, नंबर न घालता. दोन दिवस आम्ही चपलांच्या ढिगातून जोडी शोधावी तशा जोड्या लावत बसलो. म्हणून करमाफीची कागदपत्रं हातात आल्याशिवाय माल हलवायचा नाही, विमानाची तिकिटं माल सुटल्यावरच काढायची आणि प्रत्येक खुर्चीचे सुटे भाग त्याच खुर्चीला बांधायचे. याहून जास्त या विषयावर बोलण्यासारखं काही नाही.

आता शुभवर्तमानाबद्दल. हे मी टाळू शकले असते, पण तुम्ही सरळ विचारलंय.

खुर्ची आणि विश्वास यांच्यात अट नको. आधी सभेला बसा मग खुर्ची, हे तर नकोच, पण अटीचा वासही नको. खुर्ची हातात घेऊन उभ्या असलेल्या परदेशी माणसाने ‘प्रार्थना करू का?’ विचारलं तर समोरची आई ‘नको’ म्हणेल कशी? तिला वाटतं, नाही म्हटलं तर खुर्ची जाईल. म्हणून आमच्या पथकात नियम होता: खुर्ची जुळली, कागदावर सही झाली, खुर्ची तिच्या मालकीची झाली, त्यानंतर हवं असेल त्याने पलीकडच्या झाडाखाली बसलेल्या स्थानिक पाळकांकडे जावं. जे थेट निघून गेले त्यांनाही तोच निरोप, तीच उशी, तोच दुरुस्तीचा पत्ता. रेड क्रॉस आणि इतर मदत संस्थांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता स्वीकारली तिच्यातही हेच आहे की, मदत कुठल्या राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही. ख्रिस्ती संस्थांनीही त्यावर सह्या केल्या आहेत. आपल्या विश्वासाबद्दल कोणी विचारलं तर जरूर सांगा. तीन दिवस मुलांच्या पायाशी गुडघे टेकून काम करणाऱ्याला लोक आपणहून विचारतात.

यापेक्षा जास्त घाबरते मी बरं करण्याच्या प्रार्थनेला. अकरा वर्षांचा एक मुलगा होता, मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत चालत होता. पथकातल्या एका भल्या तरुणाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि हात धरून ‘ऊठ’ म्हणाला. मुलगा खरंच उठायला गेला. स्नायूच संपत आलेले पाय; तो गुडघ्यांवर आदळला. लागलं फारसं नाही. पण त्यानंतर तो खुर्चीत बसायला तयार होईना. दुभाष्याने समजूत काढत विचारलं तेव्हा म्हणाला, बसलो तर माझा विश्वास कमी आहे असं होईल. त्याला पुन्हा खुर्चीत बसवायला तिथल्या पाळकबाईंना चार दिवस लागले. प्रार्थना करायला कोणाची ना नाही. शांतपणे करा, मुलाला सोसवेल अशी करा, आणि त्याचं शरीर परीक्षेला लावू नका.

पण स्थानिक मंडळी जे करू शकते ते आम्ही थेरपिस्ट कितीही फोम कापला तरी करू शकत नाही. अशा अनेक ठिकाणी मूल अपंग जन्मलं की बोट आईकडे जातं. तिने काहीतरी पाप केलं, कोणाचा शाप लागला. नवरा सोडून जातो, सासर तोडतं, मूल मागच्या खोलीत लपवलं जातं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाबद्दल नेमका हाच प्रश्न विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. तिथल्या पाळकाने रविवारी हा उतारा वाचला आणि ती आई मुलाला खुर्चीत घेऊन मागच्या नव्हे, पुढच्या रांगेत बसली, तर गावाची नजर बदलायला सुरुवात होते. हे बाहेरून आलेल्या पाहुण्याने सांगून होत नाही.

तुम्ही पत्रात मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट दिलीत, कफर्णहूमला चार मित्रांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उसकून येशूपुढे उतरवलं ती. मलाही ती फार आवडते. फक्त ते छप्पर नंतर कोणी शाकारलं ते मार्काने लिहिलेलं नाही, आणि आपल्यासारख्या पथकांची सगळी गोची तिथेच आहे. आपण छप्पर उसकतो आणि विमानात बसतो.

तर छपराचं बघा. मूल वाढतं. आज अंगासरशी बसलेली खुर्ची वर्षभरात आखूड होते. गुडघे वर येतात, सगळा भार बुडावर येतो. दर सहा महिन्यांनी कोणीतरी बघायला हवं. स्पायना बिफिडाच्या मुलाला तर दुखतच नाही, त्यामुळे पॅन्टच्या शिवणीने किंवा गादीखाली राहिलेल्या खड्याने जखम होते आणि वास येईपर्यंत कळत नाही. पाठीचा कणा शाबूत नसलेल्या माणसाचा जीव अशा बेडसोरने, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेने जातो, चाक तुटल्याने नाही. उशीशिवाय अशा मुलाला खुर्ची देणं म्हणजे हळूहळू जखम देणं, असं मी नव्या लोकांना बजावते. मुलाला शिकवायचं: दर वीस मिनिटांनी पुढे वाक किंवा हातांवर उचल. आईला शिकवायचं: रोज रात्री कंदिलाच्या उजेडात बूड बघ, लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली असं समज, डाग जाईपर्यंत खुर्ची बंद, पालथं झोपव. हे शिकवायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास वेळापत्रकात कधीच नसतो. त्याला वेळापत्रकात जागा द्या.

फोमची उशी उन्हात आणि लघवीत लवकर मरते. दोन बोटांनी दाबून तळ लागला की बदलायची. म्हणून प्रत्येक मुलामागे एक उशी जादा आणि दोन खोळी. सोबत एक पेटी: ट्यूब, टायर, बेअरिंग, नटबोल्ट, ॲलन की, पाने, पक्कड, हवेचा पंप, फोमचे तुकडे, चिकट पट्टा. पेटीची किल्ली एका माणसाकडे आणि त्या माणसाला दरमहा काहीतरी मानधन. चर्चचं काम म्हणून फुकट करेल असं गृहीत धरू नका. तो दोन महिने करतो आणि मग त्याची पेरणी येते. माझं मत विचाराल तर निधीतला निम्मा खुर्च्यांवर आणि निम्मा पुढच्या दोन वर्षांवर खर्च करा. देणगीदारांना हे पटवणं कठीण जातं, कारण खुर्चीचा फोटो निघतो, बेअरिंग बदलल्याचा निघत नाही.

फोटोचं निघालंच आहे तर, जमिनीवर सरपटणाऱ्या मुलाचा फोटो काढू नका. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोड्या लावून दाखवायचा मोह प्रत्येक पथकाला होतो. ते मूल उद्या सोळा वर्षांचं होईल आणि तो फोटो कुठेतरी असेल. आईने अंगठा दिला म्हणजे संमती मिळाली असं मी मानत नाही. ज्याच्या हातून खुर्ची मिळते आहे त्याला कोण नाही म्हणणार, हे वर लिहिलंच आहे. आणि मुलांबरोबर एकट्या स्वयंसेवकाने बंद खोलीत तपासणी करायची नाही, आई किंवा शाळेतली बाई सोबत हवीच. हा नियम कोणाच्या चारित्र्यावर संशय म्हणून नाही, सगळ्यांसाठी आहे, पाळकांसकट.

आकड्याचं विचारलंत, की दोनशेचं लक्ष्य मंडळीसमोर जाहीर करून झालंय, आता मागे कसं यायचं. सरळ उभं राहून सांगा. चाळीस मुलं, दोन वर्षं, प्रत्येक मूल चार वेळा बघू. माझ्या अनुभवात मंडळी आकड्यावर रुसत नाहीत, लपवाछपवीवर रुसतात. पुढच्या खेपेला दुसरी चाळीस घ्या. तोवर तिथली दोन माणसं तुमच्याशिवाय दहा मुलं करू लागलेली असतील.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: त्या मिशन शाळेला लिहा आणि प्रत्येक मुलामागे एक कागद मागवा. वय, आजाराचं नाव माहीत असेल तर ते, आपलं आपण बसता येतं का, मान धरते का, कुठे जखम आहे का, घर ते शाळा वाट कशी आहे. आणि चार मापं, कडक बाकावर बसवून: नितंबांची रुंदी, नितंबांच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची लांबी, खोबणीपासून टाचेपर्यंतची उंची, बाकापासून खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंतची उंची. दुसऱ्या मापातून ३ ते ५ सेंटिमीटर वजा केले की खुर्चीची खोली मिळते; वजा केले नाहीत तर कडा गुडघ्यामागे रुतते आणि मूल पुढे सरकतं. शक्य असेल तर समोरून आणि बाजूने बसलेल्या स्थितीतला एक एक फोटो, चेहरा झाकून, फक्त आपल्या कामापुरता.

ते कागद आले की मला पाठवा, एकत्र बसून बघू. आणि शाळेला निरोप देताना मापं सेंटिमीटरमध्येच घ्यायला सांगा. एकदा अर्धी यादी इंचात आणि अर्धी सेंटिमीटरमध्ये आली होती. ११ आकडा वाचून आम्ही एका मुलासाठी जवळजवळ बाहुलीची खुर्ची बनवायला घेतली होती.